केर कोठें गेला?

घर झाडणें आणि घर स्वच्छ करणें या दोन्ही गोष्टी एकच, असें आम्ही आजवर समजत आलों. केर उंबरठ्याबाहेर गेला कीं आपलें कर्तव्य संपलें. पुढें तो जाणे आणि नगरपालिका जाणे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र या समजुतीविषयीं आमच्या मनांत मोठा संशय उत्पन्न झाला आहे. तो कां उत्पन्न झाला, तें या महिन्यांत वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. गोष्ट आमच्याच घरची आहे व तींत आमची फारशी शोभा नाहीं. परंतु फळ्यावर मास्तरानेंच चूक केली तर ती सगळ्या वर्गाच्या ध्यानांत राहते, हा जन्माचा अनुभव गांठीं असल्यामुळें लिहावयास संकोच वाटत नाहीं.

धाराशिवच्या जुन्या वस्तींत आमचा वाडा आहे. तीन भावांचीं बिऱ्हाडें, एक देवघर, एकच चूल आणि पाठीमागें वडिलांच्या वेळची माळवदाची पडवी. माळवद म्हणजे काय, हें मराठवाड्याबाहेरील वाचकांस सांगावयास हवें. तुळयांवर लाकडें व फळ्या पसरून त्यांवर हात-दीड हात पांढरी माती दाबून केलेलें तें सपाट छप्पर. उन्हाळ्यांत त्याच्यासारखा गारवा नाहीं. पावसाळ्यापूर्वीं मात्र दरवर्षीं त्याची मशागत करावी लागते. आमच्या पडवीच्या तुळया वाळवीनें पोखरल्या होत्या. वैशाखांत पुतणीचें लग्न ठरलें, तेव्हां हें माळवद उतरवून तेथें पत्रे घालावे, आणि त्याच सपाट्यांत माळाही उपसून टाकावा, असा घरांतील सर्वांचा विचार ठरला.

माळ्यावरून काय काय निघालें तें ज्यांच्या घरीं माळा आहे त्यांस सांगावयास नको. दबलेल्या गाद्या, पाय मोडलेल्या बाजा, तडा गेलेल्या लोणच्याच्या बरण्या, विझलेल्या ट्यूबलाइटच्या नळ्या, फुटके प्लॅस्टिकचे पिंप, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, आजारपणांतील औषधांच्या अर्धवट बाटल्या, आणि आमच्या नोकरीच्या काळांतील वह्या व उत्तरपत्रिकांचीं गाठोडीं. त्यांत माळवदाची माती, दगड आणि कुजकीं लाकडें मिळून परसांत एक टेकडीच उभी राहिली.

सकाळीं घंटागाडी आली तेव्हां आम्हीं त्या ढिगाकडे बोट दाखविलें. गाडीवरील बाई म्हणाल्या, “गुरुजी, ह्यो राडारोडा आमच्या गाडीत बसत न्हाई. हापिसात अर्ज द्या, पैसे भरा, येगळी गाडी येईल.” बाईंचें बोलणें नियमास धरून होतें, पण लग्न आठ दिवसांवर आलेलें, पाहुण्यांचीं पत्रें सुटलेलीं, आणि अर्जाचें नांव काढतांच आमच्या धाकट्या बंधूंच्या कपाळास आठी पडलेली. “दादा, अर्जाच्या भानगडींत पडलों तर मांडव या ढिगावरच घालावा लागेल,” असें म्हणून त्यांनीं दुपारींच एक ट्रॅक्टरवाला आणून उभा केला. तो खेपेस हजार म्हणाला. आम्हीं घासाघीस करून सातशेंवर आणलें. “कागद-बिगद कशाला, गुरुजी? तुम्ही निस्तं हूं म्हणा. सांजच्याला परसदार आरशावाणी करून देतो.” आम्हीं हूं म्हटलें. नऊ खेपा झाल्या. परसदार खरोखरच आरशासारखें झालें. आणि सत्तावीसशें रुपये वांचविले म्हणून आम्हीं चार पाहुण्यांस ती घासाघीस रंगवून सांगितली, हेंही येथें कबूल करतों.

लग्न यथासांग पार पडलें. मृग निघून गेला, पेरण्या आटोपत आल्या, आणि आषाढाच्या आरंभीं एके सकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी ओट्यावर येऊन बसला. शहराबाहेर ओढ्याच्या कडेला त्याची कोरडवाहू जमीन आहे. चहा पुढें आला तरी त्यानें कप उचलला नाहीं. पिशवींतून त्यानें एक भिजून वाळलेलें पुडकें काढलें आणि अदबीनें आमच्यापुढें ठेविलें. रामशब्दाचीं विभक्तिरूपें लिहिलेल्या उत्तरपत्रिका. कोपऱ्यांत तांबड्या शाईनें आमची सही. आणि त्यांच्या मध्यें कैलासवासी वडिलांच्या नांवावर आलेलें एक जुनें पोस्टकार्ड.

“गुरुजी, ही सही तुमचीच हाय न्हवं?” तो म्हणाला. “म्हनलं, आपल्या गुरुजींचे कागद असे वढ्यात पडलेले बरे दिसत न्हाईत.”

पुढची हकीकत त्यानें आम्हीं विचारल्यावर सांगितली. ट्रॅक्टरवाल्यानें आमच्या नऊही खेपा त्याच्या शेताशेजारीं ओढ्यांत रिचविल्या होत्या. पहिल्याच मोठ्या पावसांत गाद्या व प्लॅस्टिक वाहून जाऊन गाडीवाटेखालील मोरींत अडकलें. मोरी तुंबली आणि पाणी त्याच्या शेतांत शिरलें. पाण्याबरोबर कांचा आल्या. कुळव धरला तेव्हां एका बैलाच्या खुरांत बरणीची कांच शिरली, आणि ऐन पेरणींत बैल बसला. भाड्याचा ट्रॅक्टर आणून त्यानें सोयाबीन पेरलें, तें आठ दिवस उशिरां. हें सर्व तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. शाळेंत पाठ चुकला तर जसा खालीं मान घालून उभा राही, तसा बोलत होता, आणि चूक तर आमची होती. त्यानें चार शिव्या दिल्या असत्या तर आमच्या मनाचें ओझें कांहींसें हलकें झालें असतें.

ओढा हा शब्द कोंकणांतील वाचकास क्षुल्लक वाटेल. पण आमचा जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा व अवर्षणाचा. येथें पावसाचें जें थोडें पाणी पडतें तें ओढ्यांतूनच मुरतें, आणि कडेच्या विहिरी त्यावरच जगतात. ओढ्यांत टाकलेला केर म्हणजे विहिरींत टाकलेला केर, एवढेंच तें अंतर.

आम्ही, धाकटे बंधू व पुतण्या असे तिघे त्याच दिवशीं तेथें गेलों. आपल्या घराच्या वस्तु परक्या जागीं उघड्यावर पडलेल्या पाहणें हा अनुभव विलक्षण आहे. आईची बरणी, मुलांचे पाळण्यावरचे खेळ, आजारपणांतील बाटल्या, सगळें घर जणूं चवाट्यावर मांडलेलें. बॅटरी फोडून तींतील शिसें कोणी काढून नेलें होतें. फुटका डबा तेवढा उरला होता, व त्यांतील आम्ल मातींत गेलें होतें. शिसें हें विष आहे. लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. ज्यानें तें उघड्या हातानें फोडलें त्याच्या घरींही मुलें असतीलच.

आणखी एक गोष्ट तेथें कळली ती अशी कीं, नऊपैकीं सहा खेपा निव्वळ पांढऱ्या मातीच्या होत्या. ती पाहून आमचा विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, ही माती म्या माझ्या रानात टाकून घेतली असती. वर पैसं बी दिलं असतं.” जुन्या वस्तीची पांढरी माती पिकास खताप्रमाणें मानवते हें ज्ञान या मुलखांत पिढीजाद आहे, तें आम्हांसही ठाऊक होतें. पण ढिगाकडे ‘केर’ म्हणून एकदां पाहिल्यावर त्यांत माती किती, लांकूड किती, लोखंड किती हें पाहण्याची बुद्धि राहिली नाहीं. केर हा पुष्कळदां वस्तूचा गुण नसून न निवडण्याचा परिणाम असतो.

दोन दिवस खपून तो ढीग उचलला. माती विद्यार्थ्याच्याच बांधावर पसरली. राडारोड्यासाठीं नगरपालिकेंत रीतसर अर्ज केला, पैसे भरले, पावती घेतली. चार मजूर, दोन गाड्या, बैलाच्या औषधपाण्याचा खर्च आणि भाड्याच्या पेरणीचा निम्मा भाग, जो त्यानें फार आढेवेढे घेऊन स्वीकारला, असे मिळून बारा हजारांवर रुपये गेले. त्या ट्रॅक्टरवाल्यास गांठून आम्हीं जाब विचारला तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “सातशांत म्या कुठं न्यायचं हुतं, गुरुजी? आन् तुम्ही तरी कुठं इचारलं?” या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दर विचारला, खेपा मोजल्या, अंगणाचा कोपरा न् कोपरा तपासून घेतला. जाणार कोठें, एवढेंच काय तें विचारलें नाहीं.

कायदा काय म्हणतो हें मग आम्हीं शोधून पाहिलें. घनकचरा व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारनें २००० सालीं प्रथम केले व २०१६ सालीं ते नव्यानें लिहिले. २०१६ च्या नियमांत केराचा पहिला भार ज्याच्या घरीं तो उत्पन्न होतो त्याच्यावरच टाकलेला होता. त्यानें केराच्या तीन वाटण्या कराव्या. एक कुजणारा, दुसरा न कुजणारा, तिसरा घरगुती घातक, म्हणजे औषधें, रंग, पाऱ्याच्या नळ्या, बॅटऱ्या यांचा. आणि तो अधिकृत उचलणाऱ्याच्याच हातीं द्यावा. रस्त्यावर, उघड्या जागेंत, गटारांत वा पाण्यांत तो टाकूं नये, पुरूं नये, जाळूं नये. घर पाडल्याचा वा दुरुस्तीचा राडारोडा वेगळा ठेवावा. त्यासाठीं त्याच साली स्वतंत्र नियम झाले. २०२६ च्या नव्या नियमांनीं तीन वाटण्यांच्या चार केल्या आहेत: ओला, सुका, आरोग्यविषयक पट्ट्या व बाळांचे लंगोट यांसारखा अंगाशीं संबंध आलेला, आणि विशेष काळजीचा. या सर्वांतील ‘अधिकृत’ हा शब्द आमच्या नजरेंतून सुटला होता. पैसे घेऊन केर नेणारा प्रत्येकजण अधिकृत नव्हे, आणि अनधिकृत माणसाच्या हातीं केर देणारा निर्दोष नव्हे.

आमचा एक भाचा इंग्लंडांत असतो. त्यास हें कळविलें तेव्हां त्यानें लिहिलें कीं, तेथें घर बदलतांना जुनें सामान नेण्यास गाडीवाला ठरविला, तर त्याची सरकारदप्तरीं वाहक म्हणून नोंद आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें. १९९० च्या तेथील पर्यावरण संरक्षण कायद्यांत केर सोंपविणाऱ्याच्या जबाबदारीचें कलम आहे, आणि २००५ पासून तें साध्या गृहस्थासही लागू झालें. गाडीवाल्यानें केर रानांत फेंकला व त्यांत आपल्या नांवाचा एक लिफाफा सांपडला, तर दंड आपल्या दारीं येतो. आमच्या पोस्टकार्डाची आठवण होऊन आम्हांस हंसूं आलें. कोणी म्हणेल, मग नांवाचे कागद आधीं फाडून टाकावे. आमचें मत उलट आहे. नांव होतें म्हणूनच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणूनच ढीग उचलला गेला.

विलायतेचें कशाला, आपल्या जुन्या ग्रंथांतही हा विषय आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण दंड सांगितला असून राजमार्गावर तो दुप्पट केला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत राजमार्गावर घाण करणाऱ्यास दोन कार्षापण दंड आहे, आणि वर ती घाण त्यानेंच तत्काळ काढावी अशी आज्ञा आहे. वृद्ध, गर्भिणी, बालक व संकटांत सांपडलेला यांस दंड माफ, नुसती समज. पण साफ करणें त्यांच्याकडूनही सुटत नाहीं. हा उत्तरार्ध आम्हांस फार मार्मिक वाटतो. मात्र हें सांगतांना दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या समाजरचनेचा ती स्मृति पुरस्कार करते, तिनें घाणीचें काम जन्माशीं बांधून टाकलें, आणि आमच्यासारख्या घरांत ‘केर करणारे आम्ही, काढणारे दुसरे’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या सोंवळ्याच्या नांवाखालीं चालली. पतंजलीनें नियमांत शौच पहिलें सांगितलें. पण आपलें शौच दुसऱ्याच्या अशौचावर उभें करावें असें त्यानें कोठेंही म्हटलेलें नाहीं.

या कामाकडे पाहण्याची दुसरी रीतही आपल्याच महाराष्ट्रांत निघाली आहे. पुण्यांत १९९३ सालीं कागद, काच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. त्यांतूनच पुढें ‘स्वच्छ’ नांवाची त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली, व २००८ सालीं तिनें महापालिकेशीं करार केला. ज्या बाया उकिरड्यावर कुत्र्यांशीं झगडून कागद वेंचीत, त्या ओळखपत्र लावून दारोदार केर घेऊं लागल्या व त्याबद्दल घरटीं शुल्क मिळवूं लागल्या. अधिकृत म्हणजे केवळ मोठा ठेकेदार नव्हे. ज्याचें नांव दप्तरीं आहे, ज्यास विचारतां येतें, आणि ज्यास आपण माणूस म्हणून ओळखतों, तो अधिकृत.

आतां व्यवहाराची गोष्ट. ज्यांच्या घरीं लग्न, वास्तु वा दुरुस्ती निघाली असेल त्यांनीं ढीग घालण्यापूर्वींच चार कोपरे करावे. माती, दगड, धड लांकूड व लोखंड यांस गिऱ्हाईक असतें. तें आधीं शोधावें. कागद, पत्रा, प्लॅस्टिक भंगारवाल्याकडे जावें. बॅटरी कधींही भंगारांत देऊं नये. नवी घेतांना दुकानदार जुनी परत घेतो व किंमतींत सूट देतो. बॅटरी वेगळी ठेवून योग्य ठिकाणीं द्यावी असें २०२२ चे नियमही सांगतात. ट्यूबलाइट, औषधें व रंगाचे डबे कागदांत गुंडाळून वेगळे ठेवावे व घंटागाडीवर तसें सांगून द्यावे. कांच उघडी देऊं नये, कारण ती उचलणाराही हातानेंच उचलतो. राडारोड्याचा अर्ज कार्य ठरतांच करावा, आठ दिवस आधीं नव्हे. आणि खाजगी माणूस ठरविणेंच भाग पडलें तर दर विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: नगरपालिकेची परवानगी आहे काय, नेणार कोठें, आणि पावती देणार काय. गाडीचा नंबर टिपून घ्यावा, निम्मे पैसे ठेवून घ्यावे, आणि घरांतील एका तरुणानें पहिल्या खेपेबरोबर जाऊन यावें. जो या प्रश्नांनीं रागावतो त्याचा दर कितीही कमी असो, तो महागच पडतो.

एक विषय लिहावयास अवघड, तरीही टाळतां येत नाहीं. संडासाची टाकी उपसण्यासाठीं माणूस खालीं उतरविण्याची चाल अजून गांवोगांव दिसते. टाकींत सांचलेला वायु दिसत नाहीं, आणि उतरलेला माणूस कांहीं क्षणांत बेशुद्ध होतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो व तोही जातो. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून कोणासही असें उतरविणें गुन्हा ठरविलें आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम सांगणारा ठेकेदार असो वा घरमालक, प्रत्यक्ष सांगो वा दुसऱ्याकरवीं, कायदा त्यास वेगळें मानीत नाहीं. अशा मृत्यूबद्दल भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तीस लाखांनीं कोणाचा बाप परत येत नाहीं. उपसा यंत्राच्या गाडीनेंच करावा. गाडी चार दिवस उशिरां मिळाली तर चार दिवस थांबावें. कोणी “मी उतरतों, पांचशें द्या” म्हणाला, तर त्यास चहा द्यावा व परत पाठवावें.

असो. आमच्या परसदारीं आतां तीन डबे व एक खड्डा आहे. खड्ड्यांतील खत सूनबाई फुलझाडांस घालतात, आणि घंटागाडीवरील बाईंस घरांतील सर्वजण ‘मावशी’ म्हणतात. पूर्वीं ‘ए कचरेवाली’ म्हणत असूं, हें लिहितांना हात अडखळतो. बैलाचा पाय बरा झाला, पण तो अजून किंचित् लंगडतो असें कळतें. सोयाबीन उशिरां पेरल्यामुळें उतारा कमी आला. त्याबद्दल आमच्या विद्यार्थ्यानें अवाक्षर काढलें नाहीं, म्हणूनच तें आम्हांस विसरतां येत नाहीं. दिवाळीपूर्वीं पुन्हा माळे उपसले जातील. त्या वेळीं वाचकांपैकीं कोणाच्या दारांत ट्रॅक्टर उभा राहिला, तर दर ठरविण्याआधीं “बाबा, नेणार कोठें?” एवढें जरूर विचारावें.